निमंत्रण कोणाचे? : 'द लॉस्ट बॉइज' आणि 'बंद दरवाजा' या रक्तपिपासूपटांचा घरगुती व्हिडिओच्या संदर्भातील तौलनिक विचार

१. प्रास्ताविक

मराठी समीक्षेने भयकथेची थोडीफार दखल घेतली आहे. नारायण धारप (१९२५–२००८) आणि रत्नाकर मतकरी (१९३८–२०२०) यांच्या लेखनाचा विचार अधूनमधून झालेला आढळतो. भयपटाच्या वाट्याला मात्र हे भाग्य आले नाही. १९८०च्या दशकात व्हिडिओ कॅसेटवर पाहिल्या गेलेल्या भयपटांकडे तर 'हलकी करमणूक' म्हणून पाठ फिरवण्यात आली. या उपेक्षेमागे अभिरुचीचा प्रश्न होता, तसाच स्थळाचाही होता. हे चित्रपट चित्रपटगृहात न पाहता घराच्या माजघरात, अंगणात, चाळीच्या गॅलरीत किंवा भाड्याच्या खोलीतील व्हिडिओ पार्लरमध्ये पाहिले गेले. जेथे प्रतिष्ठित कला पाहिली जात नाही, तेथे पाहिलेले प्रतिष्ठित मानायचे नाही, असा अलिखित संकेत समीक्षेने पाळला.

प्रस्तुत लेखात दोन चित्रपटांचा प्रामुख्याने विचार केला आहे. पहिला जोएल शूमाकर दिग्दर्शित 'द लॉस्ट बॉइज' (१९८७) हा अमेरिकन किशोरवयीनांचा रक्तपिपासूपट, आणि दुसरा तुलसी व श्याम रामसे दिग्दर्शित 'बंद दरवाजा' (१९९०) हा हिंदी चित्रपट. पूरक म्हणून टॉम हॉलंड यांचा 'फ्राइट नाइट' (१९८५) आणि रामसे बंधूंचाच 'पुराना मंदिर' (१९८४) यांचा आधार घेतला आहे. 'फ्राइट नाइट'वर बेतलेला विनोद तलवार यांचा 'वही भयानक रात' (१९८९) हा हिंदी चित्रपट पाहता या दोन परंपरा एकमेकींना अपरिचित नव्हत्या, हे स्पष्ट होते. या चित्रपटांत दार कोण उघडते, धोक्याचे ज्ञान कोणाजवळ असते आणि त्याची किंमत कोण मोजते, हे तीन प्रश्न येथे विचारात घेतले आहेत. हेच प्रश्न घरात आलेल्या व्हिडिओ यंत्राबाबतही त्या काळी विचारले जात होते. या योगायोगाचा अर्थ लावणे हा लेखाचा हेतू आहे.

२. संज्ञेची अडचण

'व्हॅम्पायर' या शब्दाला मराठीत नेमका प्रतिशब्द नाही. रिचर्ड बर्टन यांनी १८७० मध्ये वेताळाच्या कथा इंग्रजीत आणताना ग्रंथाच्या शीर्षकातच वेताळाला 'व्हॅम्पायर' ठरवले. तेव्हापासून हे समीकरण रूढ झाले असले, तरी ते टिकणारे नाही. कोकणात आणि गोव्यात वेताळ हा भुतांचा अधिपती असून अनेक गावांत त्याची राखणदार म्हणून पूजा होते. तो कोणाच्या मानेला दात लावून रक्त शोषत नाही, की चावा घेऊन आपल्यासारखे दुसरे वेताळ निर्माण करत नाही. आपल्याकडील हडळ, झोटिंग, खवीस, गिऱ्हा, चकवा ही भुतावळ स्थळाला बांधलेली असते. पिंपळ, विहीर, पाणवठा, तिठा अशी त्यांची ठिकाणे ठरलेली असतात. माणूस तेथे अवेळी गेला, तर ती त्याला धरतात.

ब्रॅम स्टोकर यांच्या 'ड्रॅक्युला' (१८९७) या कादंबरीने रूढ केलेला रक्तपिपासू याच्या उलट वागतो. तो स्थळ सोडून प्रवासाला निघतो, माणसाच्या घराकडे येतो. मात्र त्याच्यावर एक बंधन आहे. घरातील कोणी बोलावल्याशिवाय तो प्रथम उंबरठा ओलांडू शकत नाही. आपल्या भुताची भीती 'तिकडे जाऊ नकोस' या आज्ञेत व्यक्त होते, तर या परकीय पिशाचाची भीती 'त्याला आत घेऊ नकोस' या आज्ञेत सामावते. पुढील विवेचनात 'रक्तपिपासू' हा शब्द या दुसऱ्या अर्थाने वापरला आहे.

३. आईने उघडलेले दार

'फ्राइट नाइट'मधील चार्ली ब्रूस्टर हा शाळकरी मुलगा रात्री उशिरा दूरदर्शनवर भयपट पाहतो. शेजारच्या रिकाम्या घरात राहावयास आलेला जेरी डँड्रिज हा देखणा गृहस्थ रक्तपिपासू असल्याचे त्याच्या लक्षात येते. निमंत्रणाविना तो घरात येऊ शकत नाही, हा नियम चार्लीला मित्राकडून कळतो आणि त्याला हायसे वाटते. परंतु तो घरी परततो तेव्हा जेरी दिवाणखान्यात बसलेला असतो. चार्लीच्या आईने शेजारधर्म म्हणून त्याला बोलावलेले असते. येथे दिग्दर्शकाने कोणताही दृश्यचमत्कार योजलेला नाही. आरामात खुर्चीत बसलेला एक पाहुणा एवढेच दृश्य आहे आणि चित्रपटातील सर्वांत खरी भीती तेथेच आहे.

'द लॉस्ट बॉइज'मध्ये हा नियम आणखी गुंतागुंतीचा होतो. घटस्फोटानंतर ल्युसी ही स्त्री मायकेल आणि सॅम या आपल्या दोन मुलांना घेऊन सांता कार्ला या समुद्रकाठच्या काल्पनिक गावी वडिलांकडे राहावयास येते. तिला मॅक्स नावाच्या सभ्य, चष्मा लावणाऱ्या दुकानदाराकडे नोकरी मिळते. तो तिच्या घरी जेवायला येतो, तेव्हा दारातच थांबून मायकेलला म्हणतो की तू या घरातील पुरुष आहेस, तू बोलावल्याशिवाय मी आत येणार नाही. मायकेल त्याला आत बोलावतो. धाकटा सॅम आणि त्याचे मित्र लसूण, आरसा, पवित्र जल अशा सर्व कसोट्या मॅक्सवर करून पाहतात आणि त्या सर्व फसतात. अखेरीस उलगडा होतो तो असा, की मॅक्स हाच टोळीचा म्होरक्या आहे, आणि रीतसर निमंत्रण मिळाल्यामुळे त्याच्यावर कोणतीही कसोटी लागू पडली नाही. सभ्यतेचा आविष्कार वाटलेली कृती प्रत्यक्षात संरक्षण काढून घेण्याची युक्ती होती.

मॅक्सचे दुकान व्हिडिओ कॅसेटचे आहे. हा तपशील कथानकाला अत्यावश्यक नव्हता. ल्युसीला अन्य कोणत्याही दुकानात नोकरी देता आली असती. १९८७ साली घराघरात कॅसेट पोहोचवणाऱ्या माणसालाच रक्तपिपासूंचा प्रमुख करण्यात चित्रपटकर्त्यांनी स्वतःच्याच धंद्याची थट्टा केली आहे. या चित्रपटाला अमेरिकेत 'आर' प्रमाणपत्र मिळाले होते, म्हणजे सतरा वर्षांखालील मुलांना पालक किंवा प्रौढ व्यक्तीसोबतच तो चित्रपटगृहात पाहता येत होता. ज्यांच्याविषयी चित्रपट आहे, त्यांतील अनेकांना चित्रपटगृहाचे दार अर्धेच उघडे होते. कॅसेटने ते पूर्ण उघडले. घरातील पडद्यावर हा चित्रपट पाहणारा मुलगा, घरात कॅसेट आणणाऱ्या दुकानदाराविषयीचा इशारा त्याच दुकानातून आणलेल्या कॅसेटवर पाहत होता.

४. गुहेतील जेवण

'द लॉस्ट बॉइज'चे कलात्मक बळ ज्या एका प्रसंगात एकवटले आहे, तो म्हणजे गुहेतील जेवणाचा प्रसंग. टोळीचा तरुण नायक डेव्हिड हा मायकेलला आपल्या अड्ड्यावर नेतो आणि त्याच्यापुढे चिनी जेवण ठेवतो. मायकेल भात खाऊ लागताच डेव्हिड त्याला विचारतो, अळ्या कशा लागतात? मायकेल पाहतो तो खोक्यात अळ्या वळवळत असतात. तो थुंकतो, सगळे हसतात, आणि पुन्हा पाहावे तर साधा भात असतो. मग शेवयांचे गांडूळ होतात, आणि पुन्हा शेवया. यानंतर डेव्हिड त्याच्यापुढे एक बाटली धरतो. स्टार ही मुलगी त्याला हळूच सावध करते की हे पिऊ नकोस, हे रक्त आहे. मायकेल हसून ते पितो.

या प्रसंगाची रचना पाहण्यासारखी आहे. पहिल्या दोन वेळा डोळ्यांनी पाहिलेले खोटे ठरते. त्यामुळे तिसऱ्या वेळी कानांनी ऐकलेले खरे असूनही खोटे वाटते. दोनदा फसवून माणसाला अविश्वासाचे शिक्षण द्यायचे आणि मग त्या अविश्वासाचाच वापर करून त्याला फसवायचे, ही मोहाची कार्यपद्धती येथे कोणत्याही भाष्याविना उलगडते. तरुण मुले वाईट संगतीला का लागतात याचे नेहमीचे उत्तर 'त्यांना कळत नाही' असे दिले जाते. हा प्रसंग सांगतो की त्यांना सांगितलेले असते, परंतु चेष्टेच्या वातावरणात इशाऱ्याचे मोल उरत नाही. समवयस्कांच्या हसण्यापुढे आपण भित्रे ठरू नये, या एका इच्छेपायी मायकेल अर्धा रक्तपिपासू होतो. तो पूर्ण रक्तपिपासू केव्हा होईल, तर पहिला बळी घेईल तेव्हा. मधली अवस्था हाच चित्रपटाचा विषय आहे.

चित्रपटाच्या उत्तरार्धात हे सूक्ष्मपण टिकत नाही. घरातील झुंज, पाण्याच्या बंदुका, स्फोट यांत कथा वेगवान होते, परंतु मायकेलच्या मनातील ओढाताण मागे पडते. स्टार या व्यक्तिरेखेला तर सुटका होण्याची वाट पाहण्यापलीकडे काम उरत नाही. ही उणीव नोंदवणे आवश्यक आहे.

५. प्रतीची अवस्था : पडदा, कडा आणि काळोख

घरगुती व्हिडिओवरील चित्रपटाची चर्चा करताना आपण नेमके काय पाहिले, हा प्रश्न टाळता येत नाही. 'द लॉस्ट बॉइज' हा रुंद पडद्यासाठी चित्रित झाला होता. त्याच्या चित्रचौकटीची रुंदी उंचीच्या सुमारे २.३९ पट आहे. त्या काळच्या दूरदर्शन संचाची रुंदी उंचीच्या १.३३ पट होती. संचाचा पडदा पूर्ण भरावा म्हणून कॅसेटसाठी चित्राच्या बाजू कापल्या जात. असे पूर्ण कापलेले चित्र पाहणाऱ्याला मूळ चौकटीचा सुमारे ५६ टक्केच भाग दिसतो. व्हीएचएस फितीची स्पष्टता आडव्या दिशेने सुमारे २४० रेषांएवढीच असे. त्यात प्रतीवरून प्रत काढली गेली की रंग फुटत, आणि रात्रीच्या दृश्यांतील काळोखाच्या जागी करड्या ठिपक्यांची वळवळ दिसे.

याचा परिणाम सर्व दृश्यांवर सारखा होत नाही. चित्रपटातील सुरुवातीच्या हल्ल्यांत रक्तपिपासू दिसतच नाहीत. उंचावरून झेपावणारा कॅमेरा म्हणजेच त्यांची नजर असते. बळी मध्यभागी असतो, त्यामुळे कडा कापल्या तरी भीती उणावत नाही. उलट टोळीची सामूहिक दृश्ये, मोटारसायकलींची रांग, गुहेतील विखुरलेली बैठक ही मात्र खुरटतात. जो चित्रपट टोळीत सामील होण्याच्या आकर्षणाविषयी आहे, त्यातील टोळीच एका वेळी पूर्ण दिसत नाही. कॅसेटवरील प्रेक्षकाच्या वाट्याला एकट्या मुलाची कथा अधिक आली आणि समूहाची कमी आली. 'पाहिला आहे' असे म्हणणाऱ्या दोन पिढ्यांनी एकच चित्रपट पाहिलेला असेलच असे नाही.

भारतात १९८२च्या आशियाई क्रीडास्पर्धांच्या निमित्ताने रंगीत प्रक्षेपण आले, आणि त्याच सुमारास व्हिडिओचा प्रसार वाढला. १९८४ मध्ये स्वामित्वहक्क कायद्यात दुरुस्ती करून व्हिडिओ चित्रफितीवर प्रमाणपत्राची प्रत आणि निर्मात्याचे नाव-पत्ता दर्शवणे बंधनकारक करण्यात आले. कायदा आला तरी नकली प्रतींचा बाजार थांबला नाही. महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांत आणि कामगार वस्त्यांत संच व व्हीसीआर रात्रीपुरते भाड्याने आणून, वर्गणी काढून, एका रात्रीत तीन-तीन चित्रपट पाहण्याची पद्धत त्या दशकात सर्वपरिचित होती. पनवेल तालुक्यातील तळोजा हा अशाच संक्रमणात सापडलेला परिसर होता. एकीकडे भातशेतीची जुनी गावे आणि दुसरीकडे औद्योगिक विकास महामंडळाची वसाहत. १९७० मध्ये स्थापन झालेल्या सिडकोच्या भूसंपादनामुळे ठाणे, पनवेल व उरण तालुक्यांतील गावांचा उंबरठाच हलला होता, आणि जानेवारी १९८४ मध्ये जासई परिसरातील आंदोलनात पाच जणांनी प्राण गमावले होते. बाहेरून काय येत आहे आणि त्याला आत कोण घेत आहे, हा प्रश्न अशा परिसरात केवळ भयपटापुरता नव्हता.

६. 'बंद दरवाजा' : आईने केलेला करार

रामसे बंधूंचे भयपट कोणत्या भूमीत घडतात, हे सांगणे अवघड असते. त्यांत ठाकूर असतात, हवेल्या असतात, परंतु प्रांत नसतो. प्रत्यक्षात त्यांची दृश्यभूमी पुष्कळदा महाराष्ट्रातील आहे. 'दो गज़ ज़मीन के नीचे' (१९७२) महाबळेश्वरला चित्रित झाला, आणि पुढील काही चित्रपटांसाठी मुरूड येथील जंजिऱ्याच्या नवाबाचा राजवाडा वापरला गेला. तळोजा आणि मुरूड हे एकाच रायगड जिल्ह्यातील. उत्तरेतील ठाकुराची म्हणून दाखवलेली हवेली रायगडमधील प्रेक्षकाच्या मात्र जिल्ह्यातच होती. परकेपण आणि ओळख यांचे हे मिश्रण रामसेपटांच्या परिणामाचा भाग आहे.

'बंद दरवाजा'मध्ये ड्रॅक्युलाचा पोशाख, वटवाघळाचे रूप आणि दिवसा शवपेटीत निजण्याची रीत हे सर्व पाश्चात्त्य साहित्य हजर आहे. अजय अगरवाल यांनी साकारलेला नेवला हा राक्षस काली पहाडीवर राहतो. कथेचा गाभा मात्र इथला आहे. ठाकुराच्या पत्नीला मूल नाही. महुआ या दासीच्या सांगण्यावरून ती काली पहाडीवर जाते. तेथे करार होतो, तो असा की मुलगा झाला तर तो ठाकुराच्या घरचा, मुलगी झाली तर ती काली पहाडीची. मुलगी होते. काम्या (कुनिका) हे तिचे नाव.

येथे निमंत्रणाचा पाश्चात्त्य नियम उलटा झालेला दिसतो. चार्लीची आई राक्षसाला घरात बोलावते, तर ठकुराईन स्वतः राक्षसाच्या दाराशी जाते. पहिलीला आपण काय करतो आहोत हे ठाऊक नाही, दुसरीला पूर्णपणे ठाऊक आहे. पहिलीची चूक सौजन्याची आहे, दुसरीची कृती असहायतेतून आलेली आहे, आणि ती असहायता घराण्याला वारस हवा या अपेक्षेने निर्माण केली आहे. राक्षसाच्या अटीतील क्रौर्य तरी कोठून आले? 'मुलगी परक्याचे धन' ही म्हण ज्या समाजात सहज उच्चारली जाते, तेथे नेवला फार वेगळे काही मागत नाही. तो रूढीचेच वाक्य अक्षरशः अमलात आणतो. गर्भलिंगनिदानाच्या वापराला आळा घालणारा कायदा करणारे महाराष्ट्र हे १९८८ मध्ये देशातील पहिले राज्य ठरले. 'बंद दरवाजा' त्यानंतर दोन वर्षांनी आला. चित्रपटकर्त्यांच्या मनात हा संदर्भ होता असा दावा करण्याचे कारण नाही. परंतु त्या काळच्या प्रेक्षकाला ही अट ऐकू येताना तिचे प्रतिध्वनी कोठून उमटत असतील, हे ओळखणे कठीण नाही.

आपल्या हाती आलेल्या या आशयाचे चीज मात्र चित्रपट करत नाही. काम्या मोठी होते, कुमारवर प्रेम करते, आणि त्याचे मन सपनाकडे आहे हे कळताच काली पहाडीच्या शक्तीचा आश्रय घेते. जन्मापूर्वीच गहाण पडलेली ही मुलगी शोकांतिकेची नायिका होऊ शकली असती. रामसे बंधू तिला लालसेची मूर्ती करतात आणि सहानुभूती सपनाला देतात. तिच्या मनात आईविषयी काय आहे, आपल्या जन्माचा सौदा कळल्यावर तिला काय वाटले, हे प्रश्न पटकथा बाजूला टाकते. विनोदी उपकथानक आणि गाणी यांना दिलेला वेळ यांतील एका प्रसंगाला दिला असता, तर चित्रपटाची उंची वाढली असती. मायकेलला जी मधली अवस्था मिळते, ती काम्याला नाकारली जाते. मुलगा मोहात पडला तर त्याला परत आणायचे, मुलगी मोहात पडली तर ती मुळातच तशी होती असे म्हणायचे, हा दुजाभाव रामसेपटाला आपल्या समाजाच्या जवळ नेतो, आणि कलाकृती म्हणून उणा ठरवतो.

७. ज्ञान कोणाकडे?

दोन परंपरांतील सर्वांत महत्त्वाचा भेद धोक्याच्या ज्ञानासंबंधी आहे. अमेरिकन चित्रपटांत ते मुलांजवळ असते. चार्लीला ते दूरदर्शनवरील भयपटांतून मिळते, सॅमला चित्रकथांच्या दुकानातील फ्रॉग बंधूंकडून मिळते. वडीलधारे हसतात, अविश्वास दाखवतात. 'फ्राइट नाइट'मधील पीटर व्हिन्सेंट हा दूरदर्शनवरचा तोतया रक्तपिपासूसंहारक आहे. पीटर कुशिंग आणि व्हिन्सेंट प्राइस या भयपटांतील दोन अभिनेत्यांच्या नावांवरून त्याचे नाव घडवले आहे. त्याच्या हातातील क्रूस प्रथम निरुपयोगी ठरतो, कारण धरणाऱ्याची श्रद्धाच नाही. ज्या करमणुकीला मोठी माणसे कचरा म्हणतात, तिच्यातच प्राण वाचवणारी माहिती दडलेली आहे, असे हे चित्रपट मिस्कीलपणे सुचवतात.

रामसेपटांत ज्ञान वडीलधाऱ्यांजवळ असते आणि ते दडवलेले असते. 'पुराना मंदिर'मध्ये ठाकुराला घराण्यावरील सामरीचा शाप ठाऊक आहे. घराण्यातील स्त्री प्रसूतीच्या वेळी मरणार, म्हणून तो मुलीच्या प्रेमाला विरोध करतो, परंतु कारण सांगण्याचे टाळतो. 'बंद दरवाजा'मध्ये आईच्या कराराचे मौन मुलीच्या जन्मभर पुरते. या चित्रपटांतील खरा बंद दरवाजा दगडी नाही, तो आईबापांच्या तोंडाचा आहे. धारपांच्या कथांतील 'समर्थ' ही व्यक्तिरेखा येथे आठवते. तेथेही ज्ञान ज्येष्ठाजवळच असते, परंतु समर्थ ते वापरून माणसांना सोडवतात. रामसेपटांतील ठाकूर ज्ञान बाळगतो आणि त्याची किंमत पुढच्या पिढीकडून वसूल होते.

हा भेद मांडून थांबता आले असते, परंतु 'द लॉस्ट बॉइज'चा शेवट तो तितकासा निर्वेध राहू देत नाही. अखेरच्या झुंजीत मुलांचे शहाणपण अपुरे पडते. आजोबा लाकडी खुंट भरलेली गाडी घेऊन भिंत फोडत आत येतात आणि मॅक्सचा वध होतो. मग ते शांतपणे पेय काढतात, आणि त्यांच्या शेवटच्या उद्गारावरून कळते की गावातील रक्तपिपासूंची त्यांना पहिल्यापासून माहिती होती. प्रेक्षक हसतो आणि चित्रपट संपतो. परंतु विनोद ओसरल्यावर प्रश्न उरतो. माहीत होते तर सांगितले का नाही? नातू अर्धा पिशाच झाला, मुलगी पिशाचाच्या दुकानात नोकरीला लागली, तरी आजोबा गप्प का राहिले? म्हणजे ठाकुराचे मौन येथेही आहेच. अमेरिकन चित्रपटाने ते विनोदात उडवले, रामसे बंधूंनी त्यावर कथानक उभारले. या एका बाबतीत रामसेपट अधिक प्रामाणिक आहे, असे म्हणावे लागते.

८. मुंजा आणि न वाढणारी मुले

'द लॉस्ट बॉइज' हे शीर्षक जे. एम. बॅरी यांच्या पीटर पॅनच्या गोष्टीतील हरवलेल्या मुलांवरून घेतले आहे. कधीही मोठे न होणे हे तेथे स्वप्न आहे, शूमाकर यांच्या चित्रपटात तो शाप होतो. या कल्पनेला आपल्या लोकसमजुतीत जवळचे रूप आहे, ते मुंजाचे. मुंज झाली, परंतु सोडमुंज होऊन गृहस्थाश्रमात प्रवेश होण्यापूर्वी जो मुलगा मरण पावला, तो मुंजा होऊन पिंपळावर राहतो, असे मानतात. बालपण संपले आहे, प्रौढपण आलेले नाही, अशा उंबरठ्यावर अडकलेला हा जीव आहे. मुंजीचा संस्कार काही जातींपुरताच असला, तरी मुंजाची भीती त्या जातींपलीकडेही सांगितली जाते. अर्धवट वयाची भीती ही संस्कारापेक्षा व्यापक असल्याचे हे लक्षण मानता येईल.

आपल्याकडे 'टीनएजर' असा वेगळा प्रेक्षकवर्ग १९८०च्या दशकात बाजाराने मानलेला नव्हता. रामसे बंधूंच्या बहुतेक भयपटांना प्रौढांसाठीचे प्रमाणपत्र मिळत असे, आणि कॅसेटमुळे ते प्रौढ नसलेल्यांनीही पाहिले. परंतु त्यांच्यासाठी, त्यांच्या वयाच्या भीतीविषयी चित्रपट काढण्याची गरज कोणाला वाटली नाही. मुंजाची ही शक्यता हिंदी पडद्याने ठळकपणे वापरली ती २०२४ मध्ये, आदित्य सरपोतदार यांच्या कोकणात घडणाऱ्या 'मुंज्या' या चित्रपटात. त्याच दिग्दर्शकाने २०२२ मध्ये 'झोंबिवली' हा मराठी चित्रपट डोंबिवलीच्या पार्श्वभूमीवर केला होता. परक्या भयकल्पनेला इथल्या वस्तीत, इथल्या भाषेत बसवण्याचे जे काम १९८०च्या दशकात राहून गेले, ते चार दशकांनंतर सुरू झाले आहे.

९. समारोप

या विवेचनातून काही निष्कर्ष हाती येतात. एक, निमंत्रणाचा नियम हा रक्तपिपासूपटाचा केवळ अलंकार नसून त्याचे नैतिक केंद्र आहे. संकट भिंत फोडून येत नाही, आपल्याच सौजन्याने, गरजेने किंवा भिडेने ते आत येते. दोन, घरगुती व्हिडिओने हा नियम प्रेक्षकाच्या अनुभवाचा भाग केला, आणि 'द लॉस्ट बॉइज'ने व्हिडिओच्या दुकानदारालाच म्होरक्या करून त्याची जाणीवपूर्वक नोंद घेतली. तीन, दोन्ही परंपरांत दार उघडण्याचा दोष बव्हंशी आईच्या माथी येतो आणि तिला तो करायला लावणारी परिस्थिती पार्श्वभूमीला ढकलली जाते. चार, तरुणांचा नाश बाहेरच्या पिशाचाइतकाच घरातील ज्येष्ठांच्या मौनाने होतो, ही गोष्ट रामसेपटाने अनघडपणे का होईना, अधिक स्पष्ट मांडली.

रामसे बंधू १९९३ मध्ये 'झी हॉरर शो'च्या रूपाने थेट घरातील पडद्यावर आले, तेव्हा कॅसेटची मध्यस्थीही संपली. जुलै २०१६ मध्ये जपानमधील फुनाई या शेवटच्या उत्पादक कंपनीने व्हीसीआरची निर्मिती थांबवली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये पनवेल महानगरपालिका अस्तित्वात आली आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये बेलापूर ते पेंधर मेट्रो सुरू झाली. तळोज्याच्या नव्या गृहसंकुलांत आज दूरदूरच्या गावांहून कुटुंबे येऊन राहत आहेत. आपला शेजारी कोण आहे हे त्यांतील अनेकांना ठाऊक नाही, आणि घरातील मुले कोणत्या पडद्यावर काय पाहतात हेही. अशा घरांत दार बंद ठेवणे हा उपाय पूर्वी चालला नाही, पुढेही चालणार नाही. मुलांना जे ठाऊक असायला हवे ते वेळेवर आणि गांभीर्याने सांगणे एवढाच मार्ग उरतो. ठकुराईनीने तो घेतला नाही, सांता कार्लाच्या आजोबांनीही घेतला नाही. उपेक्षित भयपटांच्या अभ्यासाचे प्रयोजन शोधावयाचे झाल्यास ते या सांगण्यात आणि न सांगण्यात शोधावे लागेल.